फुटलेली बातमी आणि पेरलेली बातमी

२६ ऑक्टोबर २०२४ रोजी गहुंजेच्या मैदानावर न्यूझीलंडने भारताला ११३ धावांनी हरवले आणि मायदेशात सलग अठरा कसोटी मालिका जिंकण्याची परंपरा कसोटीच्या तिसऱ्याच दिवशी संपली. मिचेल सँटनर यांनी त्या सामन्यात तेरा बळी घेतले. गहुंजेहून परतणाऱ्या पुणेकरांच्या तोंडी त्या संध्याकाळी खेळपट्टी होती, फलंदाजांचे स्वीपचे फटके होते, म्हणजेच डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी होत्या. पुढच्या दहा आठवड्यांत चर्चेचा विषय बदलला. मुंबईची कसोटीही गेली, मग सहा तास चाललेल्या आढावा बैठकीचे तपशील छापून आले. डिसेंबरच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील मेलबर्नची कसोटी १८४ धावांनी गेली, आणि दोन दिवसांच्या आत मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना काय आणि कोणत्या स्वरात बोलले हे वर्तमानपत्रात वाचायला मिळाले. सिडनीच्या पत्रकार परिषदेत गंभीर यांनी या बातम्या म्हणजे सत्य नव्हे असे सांगितले, आणि प्रशिक्षक व खेळाडू यांच्यातील बोलणे ड्रेसिंग रूममध्येच राहिले पाहिजे असेही सांगितले. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली की गंमत वाटते, कारण जे घडलेच नाही ते आत राखण्याचा आग्रह कोणी कशाला धरील?

त्या बोलण्यात चूक काय होते, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. हरलेल्या संघाला प्रशिक्षकाने खडसावले तर त्यात नवल काही नाही. प्रश्न ते बाहेर येण्याच्या वाटेचा आहे. संघातील खासगी माहिती पत्रकारांपर्यंत पोहोचली की दरवेळी खेळाडूंकडे बोट दाखवले जाते, नियम कडक होतात, फोनवर आणि कुटुंबीयांवर नजर जाते. माझे म्हणणे असे आहे की हा रोग ड्रेसिंग रूमचा नसून भारतीय क्रिकेट मंडळाच्या (बीसीसीआय) मौनाचा आहे. जी संस्था स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, तिच्या वतीने तिच्या भिंती बोलू लागतात, आणि भिंतींना सही करता येत नाही.

मराठीत अशा बातमीसाठी वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांतला फरक नेमका आहे. बातमी फुटते, बातमी पेरली जाते, आणि पुडी सोडली जाते. फुटलेली बातमी ही बहुधा कोणाच्या तरी संतापातून, अस्वस्थतेतून किंवा निष्काळजीपणातून बाहेर पडलेली असते, आणि ती कोणाच्या फायद्याची ठरेल हे तिला ठाऊक नसते. पेरलेल्या बातमीला शेत असते, हंगाम असतो, आणि पीक कापायला कोणीतरी बांधावर उभा असतो. पुडीला तर खरेखोटेपणाचेही ओझे नसते, कारण ती सोडणाऱ्याला फक्त वारा कुठून वाहतो एवढेच पाहायचे असते. वृत्तवाहिन्यांनी या सगळ्यांना 'लीक' हा एकच शब्द लावला आणि निम्मा गोंधळ तिथेच झाला. ज्या शहरात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, जपून ठेवलेले आहेत, त्या शहराला 'आतल्या गोटातून' या शब्दप्रयोगाची ओळख करून द्यायला नको. गोट म्हणजे छावणी. दरबारोदरबारी बसलेले वकील आणि अखबारनवीस तिथली खबर लिहून पाठवत, आणि पुण्यात ती वाचणाऱ्याला खबरेइतकीच खबर देणाऱ्याच्या हेतूचीही पारख ठेवावी लागे. क्रीडापानाच्या वाचकाची ही सवय सुटली आहे. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे दोन शब्द वाचून आपण पुढे सरकतो, सूत्र कोणाच्या हातात आहे हे विचारत नाही.

पेरणी कशी होते ते मी फार लहान मैदानावर, पण अगदी जवळून पाहिले आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका क्लबच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे व्यवस्थापन माझ्याकडे होते. व्यवस्थापन म्हणजे किट मोजणे, चहा-बिस्किटांचा हिशेब ठेवणे आणि मुलांना वेळेवर घरी पोहोचवणे. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी तंबूबाहेरच्या फलकावर संघाची यादी लागत असे, खाली सचिवांची सही असे, आणि ज्याला जे काही विचारायचे ते त्या सहीच्या धन्याला विचारता येत असे. संघातल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकदा स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मला सांगितले की त्याचा खांदा दुखतो आहे, घरी सांगितलेले नाही, निवड चाचणी होईपर्यंत कोणाला कळू देऊ नका. मला काळजी वाटली, म्हणून मी ते समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्याला विश्वासाने सांगितले. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या: अमुक गोलंदाज खांद्याच्या दुखण्याने त्रस्त असल्याचे समजते. निवड चाचणीत त्याला चेंडू मिळाला तो दुपारी, तोही उपकार केल्यासारखा. समितीतल्या त्या गृहस्थांचा भाचाही डावखुरा फिरकी गोलंदाज होता, हे मला नंतर सुचले. छापलेल्या दोन ओळींत एक शब्दही खोटा नव्हता. मुलाने अर्थातच मी सांगितले असे धरले, आणि त्याचे पूर्णपणे चुकले असे मला म्हणता येत नाही.

मोठ्या मैदानावर हेच मोठ्या अक्षरांत घडते. सप्टेंबर २००५ मध्ये भारताचे प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी झिम्बाब्वे दौऱ्यातून मंडळाला एक ईमेल पाठवला. कर्णधार सौरव गांगुली शरीराने आणि मनाने नेतृत्वासाठी सक्षम राहिलेले नाहीत, असा त्याचा रोख होता. प्रशिक्षकाने आपल्या नियोक्त्याला कर्णधाराविषयी कडू मत कळवणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि ते चुकीचे असेल तर नियोक्त्याने ते फेटाळावे. पण तो ईमेल वर्तमानपत्रांत आला आणि मुंबईत मंडळाच्या समितीपुढे दोघांना बसवण्याआधीच सारा देश दोन तटांत विभागला. आता साधा विचार करावा. तो ईमेल ज्यांच्या संगणकांवर उतरला ती माणसे ड्रेसिंग रूममधली नव्हती, मंडळाच्या कार्यालयांशी संबंधित होती. तरीही त्या प्रकरणाची आठवण आजही 'ड्रेसिंग रूममधील दुफळी' या नावाने काढली जाते. दुफळी खरी असेल, परंतु ती चव्हाट्यावर आणणारा हात दुसरा होता. (गांगुली यांनी स्वतः त्याच दौऱ्यात शतकानंतर आपल्याला पद सोडण्यास सुचवले गेल्याचे पत्रकारांना उघडपणे सांगितले होते. त्यावर टीका झाली, पण निदान त्या विधानाखाली त्यांचे नाव होते.)

कोणाचीही बाजू कायमची ठरलेली नसते, हे ऑस्ट्रेलियाचे माजी फलंदाज जस्टिन लँगर यांच्या वाट्याला आलेल्या दोन प्रसंगांवरून दिसते. २००९ च्या अ‍ॅशेस मालिकेत इंग्लंडच्या खेळाडूंच्या स्वभावांविषयी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संघासाठी लिहिलेले टिपण एका ब्रिटिश वर्तमानपत्राने छापले, आणि खासगीत लिहिलेले बोचरे शब्द जगाने वाचले. बारा वर्षांनी ते स्वतः ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक असताना खेळाडू त्यांच्या शैलीवर नाराज असल्याच्या निनावी बातम्या महिनोन्‌महिने येत राहिल्या. संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, अ‍ॅशेस ४-० ने जिंकली, आणि तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नंतर त्यांनी म्हटले की पत्रकारांनी 'सूत्र' हा शब्द काढून 'भित्रा' हा शब्द लिहावा. त्यांचा राग समजण्यासारखा असला तरी तो अर्धाच बरोबर आहे. प्रशिक्षकाविषयी तक्रार करायला संघात एखादे भरवशाचे दार असते, तर खेळाडूंना पत्रकाराच्या फोनकडे वळावे लागले नसते. अनिल कुंबळे यांनी जून २०१७ मध्ये भारताच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा देताना लिहिले की कर्णधाराला आपल्या कार्यशैलीविषयी आक्षेप आहेत हे मंडळाने त्यांना आदल्या दिवशी प्रथमच कळवले. वर्तमानपत्रांत मात्र त्या मतभेदांच्या बातम्या चॅम्पियन्स ट्रॉफी सुरू होण्याआधीपासून येत होत्या. म्हणजे वाचकाला आधी आणि संबंधिताला नंतर, असा तो क्रम होता.

आता पुन्हा जानेवारी २०२५ कडे येतो, कारण मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तिथे घडली. ११ जानेवारीला मंडळाची आढावा बैठक झाली. त्यानंतर काही दिवसांतच बातमी आली की ड्रेसिंग रूममधील बोलणे बाहेर पोहोचवल्याचा ठपका प्रशिक्षकांनी एका तरुण खेळाडूवर ठेवला. नाव छापले गेले. ते मी इथे लिहीत नाही, आणि क्रिकेट पाहणाऱ्याला ते माहीत असल्याने न लिहिण्याने काही बिघडतही नाही. बंद दाराआडच्या बैठकीत बातमी फोडणाऱ्याचे नाव घेतले गेले, ही बातमीसुद्धा त्या बंद दाराआडूनच फुटली, हे कोणालाही खटकलेले दिसले नाही. त्या बैठकीत तो खेळाडू नव्हता, तिथे होते ते मंडळाचे पदाधिकारी आणि संघाचे वरिष्ठ. चोरीचा आरोप करणाऱ्याच्या खिशातूनच पाकीट पडावे आणि तरीही गर्दीने ज्याच्यावर आरोप झाला त्याच्याकडेच पाहत राहावे, असा तो प्रकार होता. शिवाय आरोप झालेल्याच्या तोंडाला कुलूप होते. मंडळाशी करारबद्ध असलेल्या खेळाडूला परवानगीवाचून माध्यमांशी बोलता येत नाही. त्या दौऱ्यात एकही कसोटी खेळायला न मिळालेल्या, संघातील स्थान डळमळीत असलेल्या मुलाने अशा आरोपाला उत्तर द्यायचे ते कुठे? आरोप खरा असेल तर मंडळाने चौकशी करावी, त्याचे म्हणणे ऐकावे, निष्कर्ष सहीनिशी जाहीर करावा. तो खरा नसेल तर तेही जाहीर करावे. यांपैकी काहीच न करता नाव हवेत सोडून देणे याला मराठीत पुडी सोडणे म्हणतात, आणि इथे पुडीत एका माणसाची कारकीर्द बांधलेली होती.

अशा संशयाची सुई किती सहज चुकते याचा अनुभव भारतीय क्रिकेटला आहे. २००९ मध्ये आयपीएल दक्षिण आफ्रिकेत खेळली गेली तेव्हा कोलकात्याच्या संघातील आतल्या गोष्टी सांगणारा एक निनावी लेखक इंटरनेटवर प्रसिद्ध झाला, आणि तो संघातलाच कोणी खेळाडू असणार अशी सर्वांची खात्री झाली. संघाने दोन अनुभवी खेळाडूंना स्पर्धेच्या मध्येच मायदेशी पाठवले तेव्हा कुजबुज त्यांच्याभोवती फिरू लागली. पुढच्या वर्षी खऱ्या लेखकाने स्वतःला उघड केले. तो क्रिकेटपटूच नव्हता. त्या दोन खेळाडूंकडे वळलेल्या नजरांची भरपाई कोणी केली नाही, आणि ती करण्याची काही पद्धतही नाही.

त्या जानेवारीचा शेवटचा अंक अधिक विनोदी आहे. मंडळाने शिस्तीसाठी दहा नियम केले. देशांतर्गत स्पर्धा खेळणे, संघासोबतच प्रवास करणे, दीर्घ दौऱ्यांत कुटुंबीयांच्या वास्तव्यावर मर्यादा, सामानाच्या वजनावर मर्यादा, खासगी स्वयंपाकी व सहायक यांवर बंधने, असे ते नियम होते. हे सारे देशाला कळले ते पत्रकारांच्या हाती लागलेल्या दस्तऐवजातून. १८ जानेवारीला चॅम्पियन्स ट्रॉफीचा संघ जाहीर करायला कर्णधार रोहित शर्मा आणि निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर बसले, तेव्हा कोणीतरी या नियमांविषयी विचारले. रोहितनी उलट विचारले की हे नियम तुम्हाला कोणी सांगितले, मंडळाच्या अधिकृत खात्यावरून आले आहेत का? आधी अधिकृतपणे येऊ द्या. मी हा प्रश्न त्या मोसमातील सर्वांत समर्पक वाक्य मानतो. गोपनीयता राखण्यासाठी कडक झालेल्या मंडळाचे कडक नियम फुटूनच बाहेर आले, आणि ज्याच्यावर ते लागू व्हायचे तो कर्णधार पत्रकारांना कागदाचा उगम विचारत होता. त्याच पत्रकार परिषदेआधी माइक सुरू असल्याने, कुटुंबीयांविषयीच्या नियमाबाबत आपल्याला सचिवांशी बसून बोलावे लागेल, असे रोहितनी आगरकर यांना सांगितल्याचेही ऐकू आले. ही एकच बातमी त्या महिन्यात कोणी फोडली नव्हती की पेरली नव्हती, ती नुसतीच सांडली होती.

'ड्रेसिंग रूम पवित्र असते' हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो करणाऱ्यांनी तो सगळ्या ऋतूंत पाळला पाहिजे. २०२३ च्या विश्वचषकात सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला पदक देण्याचा सोहळा दर सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये रंगत असे, आणि मंडळाचाच कॅमेरा तो घरोघरी पोहोचवत असे. मलाही ते व्हिडिओ आवडले, नाही असे नाही. पण जिंकलेल्या दिवशी ज्या खोलीचे दार मंडळ स्वतः प्रेक्षकांसाठी उघडते आणि ते चित्रण आपल्या जाहिरातीसाठी वापरते, त्या खोलीच्या पावित्र्याची आठवण हरलेल्या दिवशीच कशी होते? २०२३ ते २०२७ या पाच मोसमांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढा मोठा व्यापार लोकांच्या कुतूहलावर चालतो. कुतूहल जागवायचे, त्याचे पैसे घ्यायचे, आणि निकाल विरोधात गेला की त्याच कुतूहलाला शिस्तभंग म्हणायचे, हा व्यवहार टिकणारा नाही.

याचा अर्थ आतले सगळे बाहेर यावे असा नाही. संघाचे डावपेच, एखाद्या फलंदाजाला कुठे चेंडू टाकायचा याचे बेत, सरावातील प्रयोग हे गुपितच राहिले पाहिजे. त्यात वाचकाचा काही हक्क बुडत नाही, उलट दुसऱ्या दिवशी ते मैदानावर पाहण्याची मजा टिकते. माणसाच्या शरीराविषयीची आणि घराविषयीची माहिती तर त्याहून अधिक जपायला हवी. जानेवारी २०२४ मध्ये विराट कोहली यांनी वैयक्तिक कारणास्तव इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींतून माघार घेतली, आणि त्या वेळी मंडळाने, एरवी क्वचित दिसणाऱ्या नेमकेपणाने, त्यांच्या खासगीपणाचा आदर राखा आणि तर्क लढवू नका असे पत्रक काढले. तर्क थांबले नाहीत. त्यांचे मित्र ए. बी. डिव्हिलियर्स यांनी आपल्या यूट्यूब वाहिनीवर कोहली दांपत्याला दुसरे मूल होणार असल्याचे सांगून टाकले, मग आपली मोठी चूक झाली, ती माहिती खरी नव्हती असे म्हटले, आणि फेब्रुवारीत मुलाच्या जन्माची घोषणा झाली. बातमी खरी निघाली. त्यामुळे ती सांगणे योग्य ठरले का? माझ्या मते मुळीच नाही. पत्रकारितेत 'पण ते खरे होते' हा शेवटचा बचाव मानला जातो. खरे तर तो पहिली अट आहे, आणि त्यानंतरही बरेच विचारायचे उरते.

दुसऱ्या टोकाला असे प्रसंग आहेत की जिथे बातमी फुटली नसती तर क्रिकेटचे नुकसान झाले असते. १९९४ च्या श्रीलंका दौऱ्यात मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांनी 'जॉन' नावाने वावरणाऱ्या भारतीय सट्टेबाजाकडून पैसे घेऊन खेळपट्टी आणि हवामानाविषयी माहिती दिली. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाला ते कळले, १९९५ च्या फेब्रुवारीत दोघांना गुपचूप दंड झाला, आणि मंडळाने तोंड मिटले. मार्क वॉ ऑक्टोबर १९९८ मध्ये लाहोरला जाऊन पाकिस्तानचे माजी कर्णधार सलीम मलिक यांच्याविरुद्धच्या सामनानिश्चितीच्या चौकशीत साक्ष देऊन आले, तेव्हाही त्यांचे स्वतःचे प्रकरण बंद पेटीतच होते. डिसेंबर १९९८ मध्ये ते एका पत्रकाराने उघड केले. ते प्रकरण आतल्या कोणी सांगितले असेल तर त्याने संघाशी फितुरी केली असे कोणी म्हणणार नाही. मंडळाला जे लपवण्याचा हक्कच नव्हता, तेच बाहेर आले होते. मग फरक कुठे आहे? माझ्या दृष्टीने तो माहितीच्या गोपनीयतेत नाही, लपवणाऱ्याच्या हक्कात आहे. खेळाडूला आपला खांदा लपवण्याचा हक्क आहे. मंडळाला आपल्या खेळाडूंचा गुन्हा लपवण्याचा हक्क नाही.

खेळपट्टीची माहिती किती महाग असते हे पुण्याला वेगळे सांगावे लागत नाही. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामना गहुंजेला व्हायचा होता, आणि त्या सकाळी एका वाहिनीने दाखवले की सट्टेबाज असल्याचे सोंग घेतलेल्या पत्रकारांशी खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर पांडुरंग साळगावकर बोलत आहेत. सत्तरच्या दशकात ज्यांची वेगवान गोलंदाजी पाहायला नेहरू स्टेडियमच्या बाकांवर माणसे बसत, त्या माणसाला त्या अवस्थेत पाहणे माझ्या पिढीला जड गेले. सामना झाला, भारत सहा गडी राखून जिंकला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या चौकशीत अखेर सिद्ध झाले ते खेळपट्टीत फेरफार केल्याचे नव्हे, तर भ्रष्ट प्रस्ताव आल्याचे न कळवल्याचे, आणि शिक्षा सहा महिन्यांच्या निलंबनाची झाली. पत्रकारांनी त्या सकाळी पडद्यावर जो आरोप लिहिला होता आणि चौकशीने जो निष्कर्ष काढला, त्यांतले अंतर किती जणांच्या लक्षात राहिले असेल? परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत आतली माहिती पुरवण्याविषयी स्पष्ट कलम आहे. सट्ट्यासाठी वापरली जाईल हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवे असताना, अशी माहिती कोणालाही देणे हा गुन्हा आहे, आणि ऐकणारा पत्रकार असला म्हणून त्यातून सुटका होत नाही. कोण जखमी, कोण खेळणार, नाणेफेक जिंकली तर काय, हे सामन्याआधी 'सूत्रांकडून' छापणाऱ्यांनी आणि त्यांना ते सांगणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. सट्टेबाजही वर्तमानपत्र वाचतो.

परंतु नियम आणि कलमे वाढवून फुटणे थांबते, हा भ्रम आहे. सामन्याच्या वेळी खेळाडूंचे मोबाइल आणि स्मार्ट घड्याळे काढून घेतली जातात, ते योग्यच आहे. मंडळाच्या कार्यालयांतले, राज्य संघटनांतले, खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या कंपन्यांतले मोबाइल मात्र कोणी गोळा करत नाही. आजच्या बऱ्याच बातम्यांचा ढंग पाहिला की त्या कोणत्या बाजूच्या शेतात पेरल्या गेल्या ते ओळखता येते. अमुक कर्णधारावर मंडळ नाराज, तमुक खेळाडूला शेवटची संधी, ढमुक ज्येष्ठाने निवृत्तीचा विचार करावा असे सुचवले, ही भाषा खेळाडूच्या तोंडची नसते. ज्या गोष्टी सहीने सांगायला धाडस लागते, त्या बिनसहीने कळवण्याची ही पद्धत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विराट कोहली यांनी पत्रकार परिषदेत बसून सांगितले की एकदिवसीय कर्णधारपद जाणार हे त्यांना निवड बैठकीच्या जेमतेम दीड तास आधी कळले, आणि टी-ट्वेंटी कर्णधारपद सोडू नका असे कोणी सुचवले नव्हते. ते मंडळाच्या अध्यक्षांच्या जाहीर विधानाशी जुळत नव्हते. दोन्ही विधाने उघड असल्याने निदान वाचकाला ती समोरासमोर ठेवून पाहता आली. रविचंद्रन अश्विन यांनी आपल्या यूट्यूब वाहिनीवर संघातल्या कितीतरी आतल्या गोष्टी हसत-खेळत सांगितल्या आहेत, आणि त्यांना कोणी फितूर म्हटले नाही, कारण सांगणाऱ्याचा चेहरा समोर होता.

मंडळ बोलत नाही, याचे मूळ जुने आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते असे स्पष्ट केले. मंडळाच्या सुधारणांसाठी न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये त्याला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली, २०१८ मध्ये विधी आयोगाने तेच म्हटले, आणि त्याच वर्षी केंद्रीय माहिती आयोगाने तसा आदेशही दिला, ज्याला पुढे मद्रास उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही माहिती अधिकाराचे बंधन सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरते राहिले, आणि मंडळ तो घेत नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. पण त्याचा परिणाम असा की देशाच्या नावाने संघ उतरवणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारण्याचे अधिकृत दार सामान्य माणसापुढे नाही. दार नसले की खिडकी शोधली जाते, आणि खिडकीपाशी उभा राहणारा पत्रकार आतल्या माणसाचा मिंधा होतो. आज मिळालेल्या बातमीची किंमत म्हणून उद्या त्याने काही लिहायचे नसते, किंवा नेमके काहीतरी लिहायचे असते.

पत्रकारांविषयी बोलताना हातचे राखण्याचे कारण नाही. सूत्राचे नाव जपणे हा त्यांचा धर्म आहे, आणि १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यानेही कौन्सिलपुढील कामकाजात त्यांना ते उघड करण्याची सक्ती करता येत नाही. परंतु नाव जपणे वेगळे आणि हितसंबंध झाकणे वेगळे. 'मंडळातील एका पदाधिकाऱ्याने', 'खेळाडूच्या व्यवस्थापन कंपनीशी संबंधित व्यक्तीने', 'सहायक प्रशिक्षकवर्गातील एकाने' असे लिहिले तर नाव उघड होत नाही, आणि वाचकाला वारा कोणत्या बाजूचा ते कळते. 'सूत्र' या शब्दाने हे सगळे पुसले जाते. माझी अपेक्षा एवढीच आहे की आरोप एखाद्या व्यक्तीच्या नावावर येणार असेल, तर आरोप करणाऱ्याचे नाव तरी छापावे, नाहीतर आरोप छापू नये. या एका नियमाने जानेवारी २०२५ मधील त्या तरुण खेळाडूची बातमी आलीच नसती. फेब्रुवारी २०२२ मध्ये यष्टिरक्षक वृद्धिमान साहा यांनी एका पत्रकाराचे धमकीवजा संदेश उघड केले आणि मंडळाने त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली. मुलाखत मिळवण्याचा हव्यास किती टोकाला जातो ते त्यातून दिसले. पण त्या हव्यासाचा बाजार कोण चालवतो, याचा शोध त्या बंदीपाशीच थांबला.

मंडळाने करावे असे फार थोडे आहे, आणि त्यातले काही होऊ लागलेही आहे. निवड समितीचे अध्यक्ष संघ जाहीर करताना पत्रकारांसमोर बसतात आणि एखाद्याला का वगळले ते सांगतात. त्या दिवशी त्या विषयावरच्या पुड्या कमी होतात, हे कोणीही पाहून ठेवावे. हीच सवय दुखापतींबाबत, शिस्तीच्या नियमांबाबत आणि आढावा बैठकींबाबत लागली पाहिजे. खेळाडूच्या संमतीने, तो जेवढे सांगू देईल तेवढेच, पण सहीनिशी सांगावे. पत्रकारांचे त्यात नुकसान होईल, आणि काही पदाधिकाऱ्यांचे त्याहून अधिक होईल. आमच्या क्लबाच्या फलकावर ही जागा होती. 'खांद्याच्या दुखण्यामुळे दोन आठवडे विश्रांती, चाचणीसाठी उपलब्ध' एवढी ओळ त्या मुलाला विचारून, सचिवांच्या सहीने मला लावून घेता आली असती, आणि मग त्या वृत्तपत्राच्या कोपऱ्यातल्या 'समजते' ला काही वजन राहिले नसते. ते मला तेव्हा सुचले नाही. त्या शुक्रवारी लागलेल्या यादीत त्याचे नाव नवव्या क्रमांकावर होते, आणि नावापुढे काहीच लिहिलेले नव्हते.